बंधाऱ्यातला ‘ऱ्या’: रस्टमधल्या पंचगंगा ॲपची सातवी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत खिडकी उघडली आणि आलेख दिसला, एवढं सांगून थांबलो होतो. त्यानंतरचे तीन आठवडे अक्षरांत गेले.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज हातानं भरायची आणि आलेख बघायचा, एवढंच हे ॲप. 39 फुटांवर इशारा रेषा, 43 वर धोका रेषा. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या कोल्हापूरकराला हे आकडे पाठ असतात. आमच्या गल्लीत पावसाळ्यात भेटलं की पहिला प्रश्न ‘बंधाऱ्याला किती फूट?’ हाच. जुन्या लॅपटॉपवर आणि साध्या फोनवर हलकं चालावं म्हणून वेबव्ह्यू (ॲपच्या आत चालणारा ब्राउझर) नको, सगळं रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत, असं ठरवलंय.

पडदे काढायला पहिल्यांदा घेतलेली लायब्ररी (तयार कोडचा संच) प्रत्येक फ्रेमला सगळा इंटरफेस नव्यानं मांडणारी होती. एका संध्याकाळीत आलेख उभा राहिला. मग वर ‘स्थिती’ लिहिलं, तर सचा पाय मोडलेला, थ सुटा आणि वेलांटी थच्या पुढं! फॉन्टचा दोष समजून चार फॉन्ट बदलले, दोन संध्याकाळी घालवल्या. दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवतात, पण काढायची असते त्याच्या आधी. ही हलवाहलव आणि जोडाक्षरं फॉन्टमधले नियम वाचून शेपर नावाचा प्रोग्राम करतो, जसा हार्फबझ. त्या लायब्ररीत शेपर नव्हता. कोड पॉइंट (चिन्हाचा युनिकोड क्रमांक) आला की चित्र ठेवायचं, एवढंच ती करायची. इंग्रजीला तेवढं पुरतं.

म्हणून डेस्कटॉपसाठी आइस्ड या दुसऱ्या लायब्ररीकडं वळलो. त्यात मजकुराचं काम कॉस्मिक-टेक्स्ट नावाची लायब्ररी करते आणि तिच्यात शेपिंग आहे. तोच कोड, तोच फॉन्ट, आणि ‘बंधाऱ्या’तला चंद्रकोरीसारखा र जागच्या जागी. आईला दाखवलं. ‘आता वाचाय येतंय बघ,’ म्हणाली. या छंदात एवढा आनंद मला क्वचित झालाय.

पुढची ठेच रस्टच्या स्ट्रिंगनं, म्हणजे मजकूर साठवायच्या प्रकारानं दिली. आलेखाखालचं नाव मावेना म्हणून ‘कोल्हापूर’ 10 बाइटला कापायला गेलो आणि प्रोग्राम पॅनिक होऊन बंद. लेन, म्हणजे बाइटमधली लांबी, विचारली तर 27. नऊ कोड पॉइंट, प्रत्येकी तीन बाइट. दहावा बाइट अक्षराच्या मधोमध येतो आणि रस्ट तिथं कापू देत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर कचरा छापला गेला असता. मग ग्राफीम, म्हणजे डोळ्यांना एक दिसणारे अक्षरांचे तुकडे, मोजायला लागलो. वाचणाऱ्याला दिसतात चार: को, ल्हा, पू, र. ‘ल्हा’ हा एकच तुकडा मानायचा नियम युनिकोडमध्ये 15.1 आवृत्तीत, 2023 साली आला. त्याआधीचे तक्ते वापरणारं क्रेट (रस्टमधलं कोडचं पॅकेज) घेतलंत तर पाच मिळतील. आवृत्ती बघून घ्या.

सगळ्यात चिवट निघाला शोध. लॅपटॉपवर भरलेली ‘बंधाऱ्याजवळ’ ही नोंद फोनच्या कीबोर्डवरून शोधली तर सापडेना. डोळ्यांना दोन्ही सारखेच! एका कीबोर्डनं ऱ आणि हलन्त दिलेलं, दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडक. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायचे नियम) हे दोन एक करत नाही. आता तुलना करण्याआधी दुसरं रूप पहिल्यात बदलून घेतो. साठवलेला मजकूर मात्र जसा टाइप केला तसाच ठेवतो.

फोनसाठी स्लिंट ही पडद्यांची लायब्ररी घेतलीय. हिशेबाचं क्रेट पहिल्यापासून वेगळं ठेवलं होतं, त्यामुळं अँड्रॉइडवर फक्त पडदे नव्यानं लिहावे लागले. आकडा भरता येतो, आलेख बोटानं सरकतो. टिपणाच्या चौकटीत मराठी टाइप करताना शब्द पूर्ण होण्याआधीचा मजकूर कधी कधी दोनदा उमटतो, ते अजून सुटलेलं नाही. कुणी अँड्रॉइडच्या कीबोर्डशी रस्टमधून झुंजलं असेल तर जरूर सांगा. पुढच्या आठवड्यात तेच घेऊन बसणार आहे.