जिम थॉर्पमधला जिम थॉर्प

"पानं बघायला जाऊ," एवढंच भाऊजी म्हणाले होते. ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियाचे डोंगर पिवळे-तांबडे होतात, ते बघायला. न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघून दोनेक तासांत लीहाय नदीच्या दरीत उतरलो आणि पाटी दिसली : जिम थॉर्प. अख्ख्या गावाला एका माणसाचं, एका मूळनिवासी अमेरिकन खेळाडूचं नाव, तेही आडनावासकट!

मूळ नाव मॉक चंक, इथल्या मूळनिवासी लेनापी लोकांच्या भाषेत 'अस्वलाचा डोंगर'. कोळशावर आणि रेल्वेवर गबर झालेलं गाव. रेल्वेवाल्या एसा पॅकरचा वाडा अजून टेकडीवर ऐटीत उभा आहे. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला, इतकी स्टेशनापाशी गर्दी.

थॉर्पची समाधी मात्र नदीपलीकडे. तिथे आम्ही चौघंच.

तांबूस ग्रॅनाइटची पेटी, बाजूला त्याचे पुतळे. एकात तो फुटबॉल घेऊन. हा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल. सॅक अँड फॉक्स जमातीतला हा मुलगा कार्लाइलच्या निवासी शाळेत आला. मूळनिवासी पोरांचे केस कापून, भाषा तोडून त्यांना 'सुधारणारी' शाळा ती. त्याच शाळेच्या संघाने 1911 मध्ये हार्वर्डला 18-15 असं हरवलं. त्यातले चारही फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून मिळवलेले गुण, एकट्या थॉर्पचे. पुढच्या वर्षी आर्मीला, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाला, 27-6. समोरच्या संघात आयझेनहॉवर नावाचा एक पोरगा होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तोच. मधल्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकला जाऊन पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या पाच आणि दहा मैदानी प्रकारांच्या स्पर्धांची सुवर्णपदकंही घेऊन आला. 1920 मध्ये, आज एनएफएल म्हणतात त्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष झाला.

पदकं 1913 मध्येच काढून घेतली होती. का, तर त्याआधी किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला म्हणून. त्यांच्या प्रतिकृती घरच्यांना मिळाल्या 1983 मध्ये, आणि 'एकमेव विजेता' ही नोंद व्हायला 2022 उजाडलं. तो गेला होता 1953 मध्ये.

"मग तो इथे राहायचा का?" भाचीने विचारलं.

"कधीच नाही गं," भाऊजी म्हणाले.

मलाही ते तिथेच कळलं. ओक्लाहोमात, म्हणजे त्याच्या मुलखात, जमातीच्या रीतीने अंत्यविधी चालू असताना तिसऱ्या बायकोने शव उचलून नेलं. तिकडे स्मारकाला पैसे मिळेनात. इकडे कोळसा मंदावून गावाची रया गेलेली. मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक 1954 मध्ये एक झाली, त्याचं नाव घेतलं आणि त्याला आणलं. समाधी झाली की माणसं येतील, असा हिशेब. मुलांनी पुढे वडील परत मागितले, कोर्टात गेले. खालच्या कोर्टात जिंकले, वर हरले. 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

इथे ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमची माती आणून घातली आहे. म्हणजे त्याच्या गावाकडची माती त्याच्यापर्यंत आणली, त्याला तेवढं गावी नेलं नाही. मला ते काही पटलं नाही.

परत बाजारात आलो. ताईला फ्रिजवर लावायला मॅग्नेट हवं होतं. बहुतेकांवर आगगाडी. खाली 'जिम थॉर्प' लिहिलेलं होतं, पण ते गावाचं नाव म्हणून.