कंस नसताना सूत्र वाचायचं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पोलिश पद्धतीच्या सूत्रात कंस नसतात, मग कुठलं चिन्ह कशाला लागू हे कसं ओळखायचं? तर्कशास्त्र शिकायला लागलेले हे हमखास विचारतात. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांना १९२४ मध्ये सुचलेली युक्ती अशी: चिन्ह आधी लिहायचं आणि त्याला किती घटक लागतात हे कायमचं ठरवून टाकायचं. ‘एन’ म्हणजे नकार, त्याला एक विधान लागतं. ‘सी’ म्हणजे जर-तर, त्याला दोन. ‘के’ (आणि) व ‘ए’ (किंवा) यांनाही दोनच.

सूत्र नीट लिहिलंय का, हे अर्थ न कळताही तपासता येतं. १ पासून सुरुवात करा. डावीकडून वाचताना दोन घटकांचं चिन्ह आलं की १ मिळवा, ‘एन’ आला तर आकडा तसाच ठेवा, पी-क्यूसारखं विधानाचं अक्षर आलं की १ वजा करा. शून्य शेवटच्या अक्षरावरच यायला हवं. ‘सी सी एन पी पी पी’ घ्या: २, ३, ३, २, १, ०. बरोबर. (‘पी नाही, तर पी’ असेल, तर पी.) शून्य आधीच आलं तर पुढची अक्षरं जास्तीची, आलंच नाही तर घटक कमी पडलेत.

गणितात हीच पद्धत वापरताना चूक होते ती वजाबाकीत. (८ − ३) × २ हे ‘× − ८ ३ २’ असं लिहितात. उजवीकडून वाचत आकडे एकावर एक रचले आणि चिन्ह आलं की वरचे दोन उचलले, तर आधी उचललेला आकडा डावा घटक असतो. चिन्ह शेवटी लिहिण्याच्या उलट्या पद्धतीत, ‘८ ३ − २ ×’ डावीकडून सोडवताना, आधी उचललेला आकडा उजवा. हे उलटंपालटं झालं की १० ऐवजी −१० येतं. शिवाय ऋण चिन्ह आणि वजाबाकी यांना एकच खूण चालत नाही, कारण घटकांची संख्या वेगळी.

पण माझ्या मते या लेखनाचं खरं मोल वेगळं आहे. कंस गेल्यामुळे सूत्राची लांबी अक्षरं मोजून ठरवता येऊ लागली आणि स्वयंसिद्धकं (सिद्ध न करता गृहीत धरलेली सूत्रं, ज्यांवरून बाकीची काढतात) किती आटोपशीर करता येतील हा नेमका प्रश्न झाला. वुकाशेविच यांनी विधान-तर्कशास्त्र तीन स्वयंसिद्धकांवर उभं केलं: ११, ६ आणि ६, मिळून २३ अक्षरं. पुढे डब्लिनमध्ये त्यांची व्याख्यानं ऐकलेल्या तर्कशास्त्रज्ञ मेरेडिथ यांनी १९५३ मध्ये त्या तिन्हींच्या जागी २१ अक्षरांचं एकच सूत्र दिलं.