सत्तावीस सह्या

मी लालबागला नोटरी आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नावबदल यात दिवस जातो. बहुतेक माणसं मजकूर न वाचताच सही करतात. मे महिन्यातल्या त्या रविवारी मात्र एका आत्यांनी मला प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावली, आणि बरं केलं.

जवळच्याच एका चाळीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाच्या मंडळाची खोली आहे. गिरण्या चालू असताना तिथे पाळीपाळीने माणसं झोपायची. भिंतीतल्या खुंट्या अजून आहेत. त्या खोलीत मी रजिस्टर, शिक्के आणि शाईचा पॅड घेऊन बसले. विरार, डोंबिवली, नालासोपारा, दिवा असं सगळीकडून एक खानदान जमलं होतं.

कारण घरातला पस्तिशीचा मुलगा. गोदामातली नोकरी सोडून तो गावी काजू लावणार होता. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत लागवडीचं अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के अशा हप्त्यांनी मिळतं. जमीन साफ करणं, कुंपण हे आपलं आपण. कोकणात 10 गुंठ्यांपासून 10 हेक्टरपर्यंत लागवड करता येते. पण सातबारा सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि लाभ मिळतो तो आपल्या हिश्श्यापुरता.

यांच्या सातबाऱ्यावर 27 नावं. आधी अकराच होती, त्यातले सात जण केव्हाच वारलेले. 2025 च्या एप्रिलपासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम निघाली, मयतांच्या जागी वारस लागले. काम गरजेचंच होतं. पण वाटप झालं नाही, नुसती नावं वाढली.

मी कागदावर हिशेब मांडला. जमीन नऊ एकर, म्हणजे 360 गुंठे. आजोबांना चार मुलगे, दोन मुली. वडिलांचा सहावा हिस्सा, त्यात हा, बहीण आणि आई. याच्या वाट्याला 20 गुंठे. सात-सात मीटरवर काजू लावला तर चाळीस कलमं.

‘चाळीसच?’ त्याची बायको हळूच म्हणाली. मुलीची शाळा बदलून ती त्याच्याबरोबर निघाली होती.

मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. माणसं परत यावीत असं सरकारला वाटत असेल, तर कलमांच्या आधी वाटप करून द्या. तहसीलदारांची माणसं गावात बसवून भागणार नाही. खातेदार इथे आहेत, लालबागला, नालासोपाऱ्याला. इथे शिबिर भरवा, मोजणी अधिकाऱ्यासकट.

आत्यांची पाळी आली. वय अठ्ठ्याहत्तर. आधारवर सासरचं नाव, सातबाऱ्यावर माहेरचं. दोन्ही नावं एकाच बाईची, असं प्रतिज्ञापत्र आधी करावं लागलं. मग संमतीपत्र पुढे केलं, तशी त्यांनी हात मागे घेतला.

‘हे हक्कसोड तर नाही ना? मागे असाच एक कागद आणला होता. मी सही केली नाही, तर चार वर्षं कुणी गणपतीला बोलावलं नाही.’

खोली गप्प झाली. थोरले काका खिडकीबाहेर बघत राहिले. मी सावकाश सगळं वाचलं. हिस्सा तुमचाच राहतो, हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने लेकीचा हिस्सा लेकाइतकाच आहे, तुमचे 60 गुंठे होतात, हेही सांगितलं.

‘म्हणजे किती कलमं?’

‘एकशेवीस.’

‘मग माझाही अर्ज घाल,’ त्या भाच्याला म्हणाल्या. ‘माझ्या नावाने. राखायचं तू, पीक तुझं. मरेपर्यंत मला वर्षाला दोन पायली गर पाठव.’

त्या खातेदार आहेत, तेव्हा अर्ज करू शकतात. सगळ्यांची संमती आता दोन अर्जांना हवी होती. मसुदा पुन्हा लिहिला, झेरॉक्सवाल्याला रविवारी दुकान उघडायला लावलं, झालेल्या सह्या परत घेतल्या. आत्यांनी अंगठा दिला नाही. चौथी शिकलेल्या होत्या. एकेक अक्षर वर बघून, दम खाऊन लिहिलं. काकांनी त्यांच्यासाठी पेनचं टोपण धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी सातपर्यंत पंचवीस सह्या झाल्या. चुलतभाऊ म्हणाला, ‘मॅडम, राहिलेल्या दोघांच्या मी करतो, घरचेच आहेत.’ मी नाही म्हटलं. माझ्यासमोर सही झाली असं मी लिहून देते, ते खरंच असायला हवं.

ते दोघे सुरतेला असतात. मुलगा त्याच रात्रीच्या गाडीने निघणार होता, पाऊस सुरू व्हायच्या आत कागद द्यायचे होते. जाताना त्याने विचारलं, सुरतेत कुणी नोटरी ओळखीचा आहे का. मी एक नंबर शोधून दिला.