सत्तावीस आवर्तनं, भलत्याच माइकवर

जॅझवाल्यांची बैठक जमली की ‘लाइव्ह की स्टुडिओ’ हा वाद ठरलेलाच. आमच्यात एक मित्र कट्टर स्टुडिओवाला. त्याच्यासमोर मी दर वेळी ‘एलिंग्टन ॲट न्यूपोर्ट’ ही लाइव्ह म्हणून गाजलेली रेकॉर्ड लावतो, आणि दर वेळी आमचं वाजतं.

७ जुलै १९५६, अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. पियानोवादक आणि बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचे दिवस सरले असं तेव्हा बरेच जण धरून चालले होते. रात्र बरीच झालेली, काही मंडळी उठायच्या बेतात, आणि त्याने १९३७ सालची ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’ ही आपली दोन भागांची रचना काढली. त्या दोन भागांच्या मधली मोकळी जागा टेनर सॅक्सवाल्या पॉल गोन्साल्विसची. (आडनाव ऐकून आपल्याला मडगाव आठवतं, पण घराणं आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरचं.) बारा बारचं (म्हणजे बारा तालखंडांचं) ब्लूजचं आवर्तन तो घेत गेला. एक, दोन, दहा... तब्बल सत्तावीस! साथीला फक्त पियानो, बास आणि ड्रम्स.

यात चमकदार ताना शोधायला जाल तर हाती फारसं लागणार नाही. गोन्साल्विस नुसता लयीवर बसलाय आणि उतरायला तयार नाही. खरी मजा सॅम वुडयार्डच्या ड्रम्समध्ये आणि मधूनमधून ओरडणाऱ्या ड्यूकमध्ये आहे. सोनेरी केसांची एक बाई उठून नाचायला लागली, मग गर्दी पेटली. आधी एखादी आरोळी, मग दोनचार, आणि शेवटीशेवटी लोकांचा गलका सॅक्सच्या अंगावर येतो. दंगल होईल म्हणून आयोजक जॉर्ज वीन आवरतं घ्यायला सांगत होता. ड्यूकने त्यालाच बोट दाखवून गप्प केलं. नंतर बँडमधल्या ऑल्टो सॅक्सवाल्या जॉनी हॉजेसला पुढे करून गर्दी थंड केली, तेही सावकाश.

आता गोम अशी, की गोन्साल्विस रेकॉर्ड काढणाऱ्या कोलंबिया कंपनीच्या माइकवर वाजवतच नव्हता. तो उभा होता ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या रेडिओच्या माइकसमोर. म्हणून जुन्या एलपीवर ही ऐतिहासिक सत्तावीस आवर्तनं शेजारच्या खोलीतून आल्यासारखी ऐकू येतात. शिवाय त्या कार्यक्रमासाठी लिहिलेल्या ‘फेस्टिव्हल सूट’ची (सूट म्हणजे सलग वाजवायच्या रचनांची मालिका) तालीम धड झाली नव्हती, तेव्हा तो नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवला आणि वर टाळ्या चिकटवल्या. वर्षानुवर्षं लोक त्या टाळ्यांना भुलले. रेडिओची टेप १९९६ साली सापडली. दोन्ही टेपा जुळवून १९९९ मध्ये खराखुरा कार्यक्रम स्टिरिओत बाहेर आला.

मित्र म्हणतो, सूट स्टुडिओतच जास्त नीट वाजलाय. बरोबर आहे. मैदानावर बँड दोनतीन ठिकाणी अडखळतो, हे मलाही ऐकू येतं. मग तोच सूट स्टुडिओतला म्हणून विकायचा ना! माझा राग स्टुडिओवर नाहीच, त्या उसन्या टाळ्यांवर आहे. समोर माणूसच नसताना ‘वाहवा’ कसली? गोन्साल्विसला विसाव्या आवर्तनानंतर कोणी थांबू दिलं नाही, ते त्या गलक्यामुळेच. तो गलका काढून टाका, सोलो दहा आवर्तनांत संपला असता.

जुनी एलपी कुठे दिसली तर मुखपृष्ठासाठी खुशाल घ्या. ऐकायला मात्र १९९९चीच आवृत्ती, आणि आवाज जरा मोठा ठेवा.