किती सर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं समितीचं पत्र आलं तेव्हा बरंच काही लिहायचं मनात होतं. स्नेहसंमेलन, कवायत, मधल्या सुट्टीतल्या मारामाऱ्या. पण कागद पुढे ओढला की एकच माणूस समोर येतो. विज्ञानाचे आपले 'किती सर'. हे नाव आपण ठेवलेलं, आणि सरांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे.

नववीत त्यांच्याच तासाला मी विज्ञानाच्या पुस्तकात ज्यूल व्हर्न लपवून वाचत होतो. तोफेतून चंद्रावर जायची गोष्ट, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली. पकडला गेलो. सरांनी पुस्तक चाळलं आणि खडू उचलला.

"तोफ लांब किती?"

"नऊशे फूट, सर."

"वेग?"

वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर निघाला. सरांनी फळ्यावर वेगाचा वर्ग मांडला, त्याला तोफेच्या लांबीच्या दुपटीनं भागलं. त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २२ हजार पट! "तुझं वजन किती?" चाळीस किलो. "आणि तोफेत?" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "नऊ लाख किलो!" वर्ग हसून लोळला. मी मात्र इरेला पेटलो होतो. गोळ्याच्या तळाशी धक्का झेलायला पाण्याचा थर असतो, ते पान काढून मी सरांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. "म्हणजे याला अडचण कळली होती. उपाय पुरत नाही, पण कळली होती. लेखक बरा आहे." पुस्तक घरी नेलं आणि सोमवारी परत दिलं.

तिथून माझ्या वाचनाला जी सवय लागली ती आजतागायत सुटलेली नाही. वेल्सच्या 'टाइम मशीन'मध्ये (१८९५) यंत्र चालतं कसं हे धड सांगितलेलंच नाही. तरी ८,०२,७०१ सालावर माझा विश्वास बसतो, कारण तिथून परतलेला माणूस लंगडत, धुळीनं माखून येतो आणि आधी जेवायला मागतो. उलट नारळीकरांचं विज्ञान पक्कं, पण त्यांची काही पात्रं शंका विचारण्यापुरतीच खोलीत येतात, असं मला वाटतं. सरांना हे सांगितलं असतं तर बोलणं बंद झालं असतं. १९७४ साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं कथा पाठवली, हा किस्सा सरांनी आम्हाला किमान चार वेळा ऐकवला असेल. का, तर परीक्षकांनी कथा वाचावी, नाव नव्हे.

अद्भुतकथा सरांना वर्ज्य होत्या असं मात्र नाही. जादूलाही ते 'किती?' विचारत. लेखकानं काडी फिरवली आणि प्रश्न सुटला, की पुस्तक मिटायचं. अर्सुला ले ग्विनचं 'अ विझार्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मी फार उशिरा वाचलं. त्यात कशावरही सत्ता चालवायची तर त्याचं खरं नाव ठाऊक असावं लागतं, आणि पोरगेल्या घमेंडीत मोकळी सुटलेली सावली नायकाची पाठ सोडत नाही. पुस्तक छोटंसं. हल्ली सात-सात खंडांच्या मालिका येतात, त्यातली राज्यं उलथतात, पण कुणाला काही मोजावं लागत नाही. मी दुसऱ्या खंडात गळतो.

माझं म्हणाल तर गाड्यांचे शॉक अॅब्सॉर्बर डिझाइन करण्यात पंचवीस वर्षं गेली. धक्का झेलायचाच धंदा! दोन विज्ञानकथा छापून आल्या, तिसरी साभार परत आली. पहिलीचं कात्रण सरांना पोस्टानं पाठवलं होतं. 'यान प्रचंड वेगाने निघाले' यातल्या 'प्रचंड'खाली पेन्सिलीची रेघ ओढून त्यांनी ते परत धाडलं. पुढच्या वर्षी सर गेले.

वाचनालयाच्या खोलीत आता संगणक आहेत असं ऐकतो. असोत. पण ती काचेची कपाटं कुठे गेली, हे कुणी सांगेना. आठवड्याचा वाचनाचा तासही बंद झालाय.

एक कबुली राहिली. ते व्हर्नचं पुस्तक शाळेचं होतं. मी परत केलंच नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर सरांचं गणित आहे आणि पाण्याच्या थराचं पान कोपऱ्यात दुमडलेलं आहे. महोत्सवाला येताना घेऊन येतो. दंड किती, ते तुम्ही काढून ठेवा.