आमची वाटचाल : कॅथलॅबमध्ये बोलणारी माणसं

2012 च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते आणि त्यात आमचं सोलापूर होतं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या माणसाच्या हृदयात खिशाला हात न लावता स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसू लागला. आमच्याकडे त्याला ‘स्प्रिंग’ म्हणतात. पेशंट वाढले, कॅथलॅब, म्हणजे एक्स-रेखाली हे काम करायच्या खोल्या, उभ्या राहू लागल्या. मशीन कंपनी बसवून देत होती, पण त्या खोलीत उभं राहायला शिकलेली माणसं पुण्या-मुंबईतून यायला तयार नव्हती.

मी तेव्हा पुण्यात कॅथलॅबची सिस्टर होते, 11 वर्षं झाली होती. हे बायोमेडिकल इंजिनिअर. दोघंही मूळचे सोलापूरचे. त्या दिवाळीला घरी आलो असताना एका डॉक्टरांनी हाक मारली. नवी कोरी लॅब तयार होती आणि टेबलाशेजारी उभं राहायला कोणी नव्हतं. आम्ही दोन महिन्यांसाठी म्हणून थांबलो. परत गेलो ते फक्त सामान आणायला.

सुरुवातीला आम्ही चौघंच होतो. मी, हे, एक टेक्निशियन आणि अक्कलकोटची एक नुकतीच पास झालेली मुलगी. काम असं होतं, की हॉस्पिटलने लॅब चालवायची, तिथली सिस्टर, टेक्निशियन आणि मशीनची रोजची देखभाल आम्ही द्यायची. यांनी पहिल्याच आठवड्यात एक चूक धरली. यूपीएस होता, पण त्यावर फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर होते, एक्स-रे नव्हता. वीज गेली असती, तर वायर हृदयात आणि पडदा काळा, अशी वेळ आली असती. सोलापूरचा एप्रिल-मे वेगळाच. बाहेर 42-43 अंश असताना एसी दमला की एक्स-रेची नळी तापते आणि मशीन स्वतःला वाचवण्यासाठी थांबतं. म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात दर तासाला खोलीचं तापमान वहीत लिहिलं जातं. आजही.

पण मशीनचं शिकवून होतं. माणसांचं शिकवायला आम्हाला जास्त वर्षं लागली, आणि त्यातलं सगळ्यात अवघड शिक्षण बोलण्याचं होतं.

अँजिओग्राफीत पेशंट जागा असतो, हे बाहेरच्या लोकांना माहीत नसतं. मनगटाची किंवा जांघेची जागा बधिर करतात, बाकी सगळं त्याला कळत असतं. खोली थंड असते, अंगावर हिरवी चादर, वरून मशीनचा हात छातीच्या अगदी जवळ फिरतो. आजूबाजूची माणसं शिशाचे कोट घातलेली, तोंड झाकलेली. डॉक्टरांचं लक्ष पडद्यावर. अशा वेळी डोक्याशी उभं राहून ‘आता हाताला टोचल्यासारखं होईल’, ‘आता अंगातून गरम गेल्यासारखं वाटेल, घाबरू नका, औषध आहे’ एवढं सांगणारं कोणी नसेल, तर नाडी वाढते, मनगटातली धमनी आवळते आणि तिच्यातून हृदयाकडे न्यायची बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, पुढे जाईनासं होतं. धीर देणं हा त्या प्रोसिजरचाच भाग आहे, असं मी मानते.

सोलापुरात यात आणखी एक गोष्ट आहे. पूर्वभागातले विणकर घरी तेलुगू बोलतात. अक्कलकोटकडचे कन्नड. धमन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, म्हणजे डाय, दिल्यावर कधी ठोके एकदम मंदावतात, तेव्हा पेशंटला जोरात खोकायला सांगावं लागतं, लगेच, त्याच क्षणी. ‘खोका’ हा शब्द घाबरलेल्या म्हातारीला कळला नाही तर? आमच्या प्रत्येक मुलीला ‘दग्गंडी’ आणि ‘केम्मी’ पाठ असतं. पहिल्या दिवशी तेच शिकवतो, बाकी नंतर.

दुसरं बोलणं डॉक्टरांशी. कॅथेटरचं टोक धमनीच्या तोंडात फार आत घुसलं की मॉनिटरवरची प्रेशरची लाट चपटी होते, आम्ही म्हणतो ‘डॅम्प झालं’. तशात डाय सोडला तर धोका. ते पहिल्यांदा टेक्निशियनला दिसतं, कारण त्याची नजर तिथेच असते. पण समोर तीस वर्षांचा अनुभव असलेले सर आणि हा बावीस वर्षांचा पोरगा. तो गप्प बसतो. आम्ही नवीन लॅब घेताना डॉक्टरांशी आधी एकच बोलणी करतो, पैशाची नंतर : आमचा मुलगा ‘सर, डॅम्प’ म्हणाला तर तुम्ही हात थांबवायचा, तो चुकला असला तरी त्याला ओरडायचं नाही. दोन ठिकाणी यावर करार मोडला. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता जे लिहिते, ते आमच्या चुकीबद्दल आहे. 2014 ची गोष्ट. तेव्हा बरीचशी कामं जांघेतून व्हायची. गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते, स्टेंट छान बसला. पण धमनीत सुई दोनदा टोचावी लागली होती आणि दुसऱ्यांदा ती नेहमीपेक्षा वर लागली होती. आमच्या सिस्टरने पेशंट वॉर्डात पोचवला, ‘पाय सरळ ठेवा, सहा तास’ एवढं तोंडी सांगून ती पुढच्या केसला परत आली. दोन टोचण्यांचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी आजोबांची पाठ दुखू लागली. झोपून झोपून दुखत असेल, असं सगळ्यांना वाटलं. जांघेत सूज नव्हती, वर काही दिसत नव्हतं. त्यांची लेक मात्र सारखी म्हणत होती, “बाबा पांढरे पडलेत हो.” तिचं ऐकायला तासभर गेला. रक्त आत, पोटामागच्या जागेत साचत होतं. बीपी खाली आल्यावर धावपळ झाली. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. आजोबा वाचले, नवव्या दिवशी घरी गेले.

ती सिस्टर मीच होते.

त्यानंतर ‘पिवळा कागद’ सुरू झाला. पेशंट लॅबमधून निघतो तेव्हा त्याच्या फाइलवर एक पिवळा कागद लागतो : कुठून केलं, किती वेळा टोचलं, शीथ (टोचलेल्या जागेतली नळी) कधी काढली, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती, डाय किती मिली, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) किती, शेवटची लघवी कधी. वॉर्डातली सिस्टर तो मोठ्याने वाचते आणि सही करते. शेवटची ओळ अशी आहे : ‘नातेवाईक काय म्हणतात?’ ही ओळ रिकामी ठेवता येत नाही. आता बहुतेक कामं मनगटातून होतात, टोचलेली जागा दाबून ठेवणाऱ्या पट्ट्यातली हवा हळूहळू सोडायची असते, रक्तस्राव कितीतरी कमी झाला. कागद तरीही पिवळाच आहे.

मधल्या काळात आम्ही वाट चुकलो. 2015 मध्ये कॅथेटर, वायर, बलून, स्टेंट पुरवायच्या धंद्यात उतरलो. नफा दिसत होता. 2017 च्या फेब्रुवारीत केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली : साधा 7,260 रुपये, औषधाचा लेप असलेला 29,600 रुपये. त्याआधी औषधाच्या स्टेंटचे लाखाच्या वर मोजलेले लोक मी पाहिले होते, दागिने मोडून. आमच्या कपाटातल्या मालात आम्हाला मोठा फटका बसला, कर्ज फेडायला तीन वर्षं लागली. तरी तो निर्णय योग्य होता आणि तो आधी यायला हवा होता. पुरवठ्याचं काम आम्ही बंद केलं आणि माणसं घडवायच्या कामाला परत आलो.

कोविडची दोन वर्षं कशीबशी काढली. त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही.

आमच्या मुलामुलींच्या जिवाचंही बोललं पाहिजे. रोज किरणांत उभं राहायचं असतं. अंगावर किती किरणं पडली ते नोंदवणारा छातीवरचा टीएलडी बॅज शिशाच्या कोटाच्या आतून लावायचा असतो आणि दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. कंटाळा करून तो लॉकरमध्ये ठेवणारी मुलं असतात, तिथे मी कडक आहे. कोट घडी घालून ठेवला की आतलं शिसं तडकतं, बाहेरून कळत नाही, म्हणून तो हँगरलाच आणि वर्षातून एकदा एक्स-रेखाली धरून तपासायचा. गरोदर असल्याचं मुलीने लवकर सांगावं, यासाठी तिचा पगार कापला जाणार नाही असं आधीच लिहून देतो. त्या काळात ती कंट्रोल रूमच्या पलीकडे, फोनवर बसते.

हा फोन आमच्या कामातला सगळ्यात आवडता भाग आहे. स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने एक दिवसही चुकवायच्या नसतात. चुकल्या तर आत गुठळी होऊन तो स्टेंट अचानक बंद पडतो. आणि लोक गोळ्या बंद करतात. दात काढायचा म्हणून, संपल्या आणि मेडिकल लांब आहे म्हणून, बरं वाटतंय म्हणून, नवरात्राचे नऊ दिवस उपास आहे म्हणून. एक काका आषाढीला पायी पंढरपूरला निघाले आणि गोळ्या घरी राहिल्या. आमच्या मुलीने नेमका त्या दिवशी फोन केला. मुलगा मोटारसायकलवर गोळ्या घेऊन गेला आणि वाखरीच्या अलीकडे वडिलांना गाठलं. सातव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी आम्ही फोन करतो. हॉस्पिटल याचे वेगळे पैसे देत नाही, आम्ही मागतही नाही.

रात्रीच्या हार्ट अटॅकच्या केसेसबद्दल एकच सांगते. दवाखान्याच्या दारापासून बंद धमनी उघडणारा बलून फुगेपर्यंत 90 मिनिटांच्या आत, हे ध्येय सगळ्या लॅबना माहीत आहे आणि आमची टीम अर्ध्या तासात हजर होते. पण वेळ जातो तो दाराच्या बाहेर. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन, ओवा खाऊन, सकाळची वाट बघत. ऊसतोडीच्या फडावरून जीपमध्ये घालून आणलेला माणूस पाच-सहा तास उशिरा येतो. म्हणून गेल्या वर्षापासून आमची मुलं साखर कारखान्यांवर हंगाम सुरू होताना जातात, मुकादमांना आणि जीपच्या ड्रायव्हरांना एवढंच सांगतात : छातीत दाबल्यासारखं, घाम, डावा हात किंवा जबडा दुखतोय, तर आधी ईसीजी, मग घर.

आज सोलापूर, लातूर आणि धाराशिव मिळून सहा लॅबमध्ये आमची 44 माणसं आहेत. पहिली अक्कलकोटची मुलगी आता सगळ्या सिस्टरांची प्रमुख आहे. नवीन आलेल्या प्रत्येकाला ती आधी टेबलावर झोपवते, हात बांधते, चादर टाकते आणि वीस मिनिटं खोलीत कोणीही त्याच्याशी बोलत नाही. उठल्यावर तो काय म्हणतो, ते ती त्याच्या फाइलमध्ये लिहून ठेवते.

जूनमध्ये नवी बॅच आहे. दहा जागा आहेत. तेलुगू बोलणाऱ्या मुली अजून दोनच मिळाल्या आहेत, आणखी हव्या आहेत.