तुम्ही विचारलंत म्हणून: सेवा आकार नाकारला, मग वेटरला पैसे का दिले?

घोडबंदर रोडवरच्या त्या जेवणाची हकीकत ज्यांनी ऐकली आहे, ते बहुतेक सगळे मला एकच प्रश्न विचारतात: बिलातला सेवा आकार तुम्ही काढायला लावलात, मग निघताना वेटरच्या हातात पाचशे रुपये कशासाठी ठेवलेत? काहींना त्यात विसंगती दिसते, तर काहींना वाटते की मॅनेजरशी बोलताना माझा आवाज चढला आणि नंतर मला त्याचे वाईट वाटले. तसे काही झाले नव्हते. मी दोन्ही गोष्टी पूर्ण विचार करून केल्या होत्या आणि आजही तशाच करीन.

आम्ही पाच मैत्रिणी नौपाड्यातल्या एकाच शाळेत शिकलो. त्यांपैकी एक लग्नानंतर नागपूरला गेली ती तिकडचीच झाली, आणि सात वर्षांनी ती ठाण्याला येत होती म्हणून शनिवारी रात्री आठचे टेबल आम्ही आठवडाभर आधी सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात बसायला मिळाले ते साडेआठला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण शनिवारी मानपाड्याच्या पुढे कुठल्याही हॉटेलात गर्दी असतेच.

या नागपूरच्या मैत्रिणीला मधुमेह आहे आणि जेवणाच्या अगदी आधी घ्यायचे, लवकर काम सुरू करणारे इन्सुलिन ती घेते. ते टोचल्यावर साधारण पंधरा मिनिटांत त्याचा परिणाम सुरू होतो, आणि तेवढ्यात पोटात अन्न गेले नाही तर रक्तातली साखर खाली यायला लागते. म्हणून ऑर्डर लिहून घेणाऱ्या कॅप्टनला तिने नीट कारण सांगून विचारले, की जेवण नक्की किती वेळात येईल. "दहा मिनिटांत, मॅडम," असे तो म्हणाला. त्याच्या शब्दावर तिने इंजेक्शन घेतले.

दहा मिनिटांनी काहीच आले नाही. वीस मिनिटांनी विचारले तेव्हा "येतंय, मॅडम, पाच मिनिटं" असे उत्तर मिळाले, आणि आणखी दहा मिनिटांनी विचारले तेव्हाही कॅप्टनने आमच्याकडे न बघता हेच वाक्य पुन्हा म्हटले. तोवर नागपूरची मैत्रीण बोलायची थांबली होती. एसीच्या गारव्यात तिच्या कपाळावर घाम आला होता आणि पाण्याचा ग्लास उचलताना हात थरथरत होता. शेजारच्या टेबलावर पाणी वाढणाऱ्या एका तरुण वेटरला मी हाक मारली. त्याने तिच्याकडे एकदा पाहिले आणि मी पुरते सांगायच्या आत काउंटरवरून साखरेचे भांडे आणले. तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून आम्ही तिला दिली. मग तो मुलगा आत गेला आणि परत येऊन खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, तुमची ऑर्डर किचनमध्ये गेलेलीच नाही."

केओटी (स्वयंपाकघराला ऑर्डर कळवणारी चिठ्ठी) निघालीच नव्हती. म्हणजे ज्या जेवणाबद्दल आम्हाला दोनदा "पाच मिनिटं" सांगितले गेले, त्याची चिठ्ठी स्वयंपाकघरात पोहोचलीच नव्हती आणि ती पोहोचली की नाही हे बघण्याचे कष्टही कॅप्टनने घेतले नव्हते. चिठ्ठी राहून जाऊ शकते. गर्दीत माणसाकडून चूक होते, हे मला मान्य आहे. परंतु ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्यासारखी सांगणे ही चूक नव्हे, कारण ऐकणारा माणूस त्या उत्तरावर विसंबून पुढचे ठरवत असतो. "पाऊण तास लागेल" असे कॅप्टनने सांगितले असते, तर आमची मैत्रीण तेवढा वेळ आनंदाने थांबली असती आणि इंजेक्शनही थांबले असते.

पुढच्या जेवणाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. रोट्या आधी आल्या, भाजी बऱ्याच वेळाने आली, आणि तोवर रोट्या वातड झाल्या होत्या. सात वर्षांच्या गप्पा राहून गेल्या, कारण आमचे सगळ्यांचे लक्ष एकीच्या चेहऱ्याकडे लागले होते.

बिल आले तेव्हा खाद्यपदार्थांचे 6,480 रुपये झाले होते. त्यावर दहा टक्के सेवा आकार म्हणून 648 रुपये लावले होते, आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी धरून एकूण रक्कम 7,484 रुपयांवर गेली होती. म्हणजे जी सेवा मिळाली नाही तिचे पैसे होतेच, शिवाय त्या पैशांवर करही होता. मी मॅनेजरला सेवा आकार काढायला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, हे तर सगळेच देतात." सगळे देतात, कारण अनेकांना तो जीएसटीसारखाच सरकारी कर वाटतो. तो तसा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना सेवा आकार आपोआप बिलात घालण्यास आणि दुसऱ्या कुठल्या नावाने वसूल करण्यास मनाई केली. हॉटेलचालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, त्या महिन्यातच सूचनांना स्थगिती मिळाली, आणि अखेर 28 मार्च 2025 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळून त्या सूचना योग्य ठरवल्या. मी एवढेच शांतपणे सांगितले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक मला पाठ आहे, हेही सांगितले. नवे बिल 6,804 रुपयांचे आले.

आता त्या पाचशे रुपयांबद्दल. सेवा आकार हॉटेलच्या गल्ल्यात जमा होतो. त्यातला किती भाग टेबलाशी उभ्या असलेल्या मुलापर्यंत पोहोचतो, हे बिल देणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. त्या रात्री त्या मजल्यावर मला तीनच वेटर धावताना दिसले. माणसे कमी ठेवायची, टेबले मात्र सगळी भरायची, हा निर्णय त्या मुलाचा नव्हता, पण ग्राहकांचा राग रोज त्यालाच ऐकून घ्यावा लागत असणार. आमचे टेबल त्याच्याकडे नव्हते, तरी त्याने साखर आणली. आणि आम्हाला खरे काय ते सांगणारा त्या हॉटेलात तो एकटाच होता, तेही आपल्या वरिष्ठाची चूक उघडी पडणार हे माहीत असताना. मला सेवा मिळाली ती एवढीच, आणि तिचे पैसे मी ज्याने ती केली त्याच्या हातात दिले. तो घ्यायला तयार नव्हता. "अरे बाळा, हे साखरेचे आहेत," असे मी म्हटल्यावर त्याने ते घेतले.

आमची मैत्रीण आता बाहेर जेवताना ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन घेत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच आग्रहाने आम्ही पाचही जणी मामलेदार कचेरीजवळ मिसळ खायला गेलो. तिथे तिखट किती हवे एवढेच विचारले गेले आणि काही मिनिटांत मिसळ समोर आली. राहिलेल्या गप्पा मग तलावपाळीवर दुपारपर्यंत चालल्या.